आधी आत कोण?

...नाही, पण मला एक सांगा, फरशी कोण खणतं? माती नाही हो, फरशी! बागेतले गुलाब उकरून संपले, म्हणून आता सोफ्याखालची फरशी! एवढंसं ते आमचं टेरियर जातीचं कुत्रं, उंची माझ्या पोटरीइतकी, दाढी मात्र म्हाताऱ्याची, आणि हट्ट... हट्ट तर विचारूच नका! 'ये' म्हटलं की बघतो. नुसता बघतो! आमचा मॅनेजर रजेच्या अर्जाकडे बघतो ना, तसा! डॉक्टरांना दाखवला, तर ते हसत म्हणतात, "अहो, बिळात घुसून उंदरांशी लढणारी ही मंडळी, ऐकतील कशाला? स्वभावच आहे त्याचा!" बायको म्हणते, "अहो, बाळाला ओरडू नका, स्वभावच आहे त्याचा!" आणि मी चहात चमचाभर साखर जास्त मागितली की? "काय बाई हा हट्टीपणा!" म्हणजे माझा तो हट्टीपणा, आणि त्याचा... स्वभाव!

शेवटी ट्रेनर बोलावला. गळ्यात शिट्टी, आवाज असा की मीच खाली बसलो! म्हणाला, "काका, दारातून आधी आत शिरतो तो मालक. कुत्रा मागे सरेपर्यंत हलायचं नाही. आज हरलात तर जन्माचे हरलात!"

म्हटलं, होऊनच जाऊ दे! माझ्याच घरात माझी काही पत आहे की नाही? सकाळी फिरून आलो, दार उघडलं, हा पुढे घुसायला लागला. मी पट्टा धरून उभा. तोही उभा. मी त्याच्याकडे बघतोय, तो माझ्याकडे बघतोय... शेजारीण जिना चढता चढता विचारते, "काय हो, किल्ली हरवली?" म्हटलं, "नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे!" ऑफिसची वेळ टळली, पायाला मुंग्या आल्या, खरं सांगतो, रडू यायचं तेवढं बाकी होतं... आणि काय सांगू, त्यानं डोळे मिटले! हरला! जिंकलो! छे हो... झोपला! पायपुसण्यावर आडवा होऊन चक्क घोरायला लागला!

तेवढ्यात बायको बाहेर आली. "अगं बाई, बाळ असं दारात?" पट्टा काढला, त्याला कडेवर घेतलं, आत गेली आणि सवयीनं दार ओढून घेतलं! मी बाहेर. हातात पट्टा! बेल वाजवली, तर आतून हा भुंकतोय आणि ही म्हणते, "थांबा हो जरा, परक्या माणसावर भुंकायचा स्वभावच आहे त्याचा!"

परक्या!

आता तक्रार तरी कुणाकडे करणार? नियम मीच पैसे देऊन शिकलोय ना! हल्ली मी गुपचूप बेल वाजवतो, मालक दाराशी येतात, माझी पिशवी हुंगतात, आणि मर्जी असली... तर घेतात आत.