हलू नका, राक्षसराव

—आणि हसायचं तर मुळीच नाही, गाल उचलला की साच्याला सुरकुती पडते, मग मुखवटा जन्मभर कुत्सित दिसतो. पुन्हा एकदा सांगते, कारण कानांवर लगदा थापला की माणसाला निम्मंच ऐकू येतं. एक बोट वर — ठीक आहे. दोन बोटं वर — काढा हे, जीव घुसमटतोय. दाखवा बघू? एक. छान. नाकपुड्या मोकळ्या, डोळे मिटलेले, तोंड बंद. आता वीस मिनिटं तुमच्यासारखा श्रोता जगात नाही. घरी असा एखादा असता तर — जाऊ दे.

काय सांगत होते मी? हां, पुस्तक. वाचलंय ना लहानपणी? एक बोट. वाचणारच, आपल्या पिढीत ते न वाचलेलं पोर शोधून सापडलं नसतं. माझ्या प्रतीला तर पुठ्ठाही उरलेला नाही. चाळीस फुटी राक्षस, दारोदार जाऊन उभा राहतो, आणि कुणी ‘या, बसा’ म्हटल्याशिवाय आत जायचं नाही अशी त्याला आईची सक्त ताकीद! आणि म्हणणार कोण हो? लोक दारं लावून घेतात. शेवटी ती चिमुरडी म्हणते, या, बसा — तो बसतो — अख्खं घर सपाट! आणि पोरगी ढिगाऱ्यातून विचारते, पाणी घेणार? त्या पानावर मी हसून हसून रडायचे. हसून म्हणजे — रडायचेच. आमच्याकडे कुणी कुणाला बसा म्हणत नसे. माझे वडील आलेल्याला दारातूनच वाटेला लावायचे, सख्ख्या बहिणीलासुद्धा. ती आत्या पायपुसण्यावर उभी राहून पिशवी या हातातून त्या हातात करायची आणि मी आतून बघायचे. असो. तुम्हाला कशाला सांगतेय मी हे.

तर सिनेमावाले. पहिल्या मीटिंगला राक्षस चाळीस फुटी होता. मी खूश, लगेच कामाला लागले, एक नाकपुडी करूनसुद्धा झाली — मागच्या अंगणात आहे, शेजाऱ्यांचं कुत्रं झोपतं तिच्यात. दुसऱ्या मीटिंगला कुणाला तरी आठवलं की स्टुडिओचं छत वीस फुटांवर आहे. झाला अठरा फुटी. मग म्हणाले, मुलं घाबरतील — बारा. मग मुलीच्या आईचं आणि राक्षसाचं गाणं ठरलं. हो, पुस्तकात त्या मुलीला आई नाहीये, यांनी घातली! नाचताना जोडी विजोड दिसायला नको म्हणून राक्षस सहा फुटी. आणि ती आई करणारी बाई निघाली ठेंगणी. म्हणून तर तुम्हाला घेतलं, पाच फूट चार इंच — राग मानू नका, मीही तेवढीच आहे. दर मीटिंगला मी नवा आराखडा काढायचा, माझ्या तर नाकी नऊ आले.

आल्या आल्या कपाटावरची दोन डोकी पाहिलीत ना, प्लास्टरची? तेही राक्षसच, याच पुस्तकाचे. तीस वर्षांत हा सिनेमा दोनदा सुरू झाला आणि दोनदा बारगळला. पहिल्या वेळी निर्माताच पळाला. दुसऱ्या वेळी सेटवरचं घर राक्षस बसायच्या आधीच पडलं, सगळे म्हणाले आता काय दाखवायचं, आणि डबे आवरून घरी गेले. पहिल्या राक्षसाने पुढे लाँड्री काढली. दुसरा अजून दर नव्या वर्षाला फोन करतो, बाई, माझं डोकं बरंय ना? मी सांगते, बरंय, कालच पुसलं. आणि आता तुम्ही तिसरे. माझेही हात थरथरायला लागलेत, चौथा व्हायचा नाही. म्हणून जीव अडकलाय हो. तो एकदा बसलेला बघायचाय मला, बाकी काही नको. म्हणून तर सकाळी फोन आला तेव्हा मी —

कुठे काय? कुठला फोन? भिवई हलवू नका. हलली, मला दिसली.

बरं, ऐका. कळणारच आहे. सकाळी सिनेमाच्या मॅनेजरचा फोन आला. म्हणाला, कालच्या मीटिंगमध्ये राक्षस काढला. पाच फूट चार इंचावरून एकदम शून्य! आता नुसता उल्लेख — ती आई म्हणणार, ‘आत्ताच येऊन गेले.’ बस, एवढाच राक्षस. आणि म्हणाला, तो माणूस आला की दारातूनच परत पाठवा. मी हो म्हटलं. खरंच म्हटलं. फोन ठेवला आणि बेल वाजली. दार उघडते तर तुम्ही, पायपुसण्यावर उभे, पिशवी या हातातून त्या हातात करताय, आणि म्हणता काय, ‘नातीला सांगून आलोय, आजोबा राक्षस होणार. येऊ का आत?’ आता मला सांगा, राक्षस दाराशी येऊन येऊ का विचारतो, मी काय म्हणणार? तोंडातून गेलंच, या, बसा. तुम्ही बसलात. आणि बसलेल्या माणसाला नुसतं कसं बसवून ठेवायचं, म्हणून मी लगदा कालवला.

चुकलं माझं. आधी सांगायला हवं होतं. अहो, डोळ्यांतून पाणी काढू नका, साच्यात चर पडतो! मीसुद्धा रडत नाहीये, दोन्ही हातांना प्लास्टर आहे, मला नाक पुसता येत नाही.

ठरवा तुम्ही. दोन बोटं वर केलीत तर आत्ता काढते, कोमट पाण्याने तोंड धुऊन देते, घरी जा आणि नातीला सांगा की एका बाईने फसवलं. एक बोट, तर राक्षस पुरा करते. शिंगांसकट. सिनेमा असो नसो, मुखवटा घालून नातीच्या दाराशी जाऊन उभे राहा, ती म्हणेल की बसा. घाई नाही. अजून सहा मिनिटं आहेत —

बेल. हलू नका. अजिबात हलू नका.

अगं बाई, मॅनेजरसाहेब! तुम्ही स्वतः? तो राक्षस ना, केव्हाच पाठवला परत, दारातूनच. हे? खुर्चीतलं? हा जुना पुतळा, मागच्या सिनेमाचा. पँट घातलीये, हो, उगीच उघडा कशाला ठेवायचा. श्वास? छे, खिडकीचा वारा आहे. हात? हातसुद्धा आहेत, पूर्ण पुतळा आहे. बोट? कुठे वर झालं बोट — थांबा, थांबा, बघू दे मला. एक आहे ना? एकच! एकच आहे!

नाही साहेब, तुम्ही आत नका येऊ. बसायला जागा नाही. तिथूनच जा, आणि जाताना दार ओढून घ्या.