गोराईचं पाणी

एथेल: दारात उभा राहून काय ऐकतोस? बँड अजून खाडीपलीकडेच आहे.

अर्बन: वाऱ्याबरोबर येतोय गं. घुमटावर थाप कोण मारतंय?

एथेल: कोणी का वाजवेना! सख्ख्या पुतणीचं लग्न, पण तुला कुणी बोलावलंय? नवरीच्या आंघोळीला विहिरीचंच पाणी लागतं, ते आणायला होडीत बसून गोराईला गेले बिचारे. गावात आपली विहीर असताना!

अर्बन: तिच्यावर फरशी घातलीय.

एथेल: घातली कोणी? ती विहीर वाचवायलाच तुला म्युनिसिपालटीत पाठवला ना? अख्ख्या गावाने मतं दिली, मी पण दिलं. आणि तू तिथे बंद करायच्या बाजूने हात वर केलास!

अर्बन: निवडून आलो तेव्हा टायफॉइड नव्हता. नंतर त्यात शेजारच्या काशीरामची पोर गेली. आज नवरी झालेली ही पेट्रिशिया कशीबशी वाचली. डॉक्टर म्हणाला, पाणी खराब आहे.

एथेल: मग गावाला विचारायचंस.

अर्बन: विचारलं ना, चर्चच्या आवारात! कोणी ऐकेना. पेट्रिशियाचा बाप, माझा सख्खा इसिडोरदादाच म्हणाला, "हात आमचा आहे, तुझा नाही. आम्ही सांगू तसा वर करायचा."

एथेल: खोटं काय बोलला?

अर्बन: मग डोकं काय घरी ठेवून जायचं होतं?

एथेल: मला नाही कळत रे ते. रविवारी मिस्सा सुटल्यावर आपल्याशी कोणी थांबत नाही, तेवढं कळतं. मला करमत नाही.

अर्बन: उद्या परत मत मागितलं तरी मी विहीर बंदच करीन. पण पेट्रिशियाच्या लग्नात घुमट मलाच वाजवायचं होतं गं. एवढीशी होती तेव्हा मांडीवर बसून कबूल करून घेतलं होतं तिने. जीव नुसता तिकडे धावतोय.

एथेल: मग जा ना धक्क्यावर.

अर्बन: न बोलावता?

एथेल: ऐक, होडी लागली वाटतं. आवाज जवळ आला.

अर्बन: नळाला पाणी आलंय?

एथेल: आत्ताच आलं. का रे?

अर्बन: पितळेची कळशी दे. भरून नवरीसाठी ओट्यावर ठेवतो. दादाच्या घरची वाट आपल्या दारावरूनच आहे.

एथेल: थांब, कळशीच्या गळ्यात फुलं घालते... आणि नाही थांबले तर?

अर्बन: तर आपण पिऊ. उकळायला नको ते.