दोन मशीनवर तेच आकडे

सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं. पनवेल एसटी स्थानकासमोरच्या एसटीडी बूथवर माझ्यापुढे दोघं उभी होती. प्रोग्राम लिहिणारा प्रणित आणि त्याची माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या शेवडे मॅडम.

“मॅडम, तुम्ही वाचवलंत.”

“मी काय केलं? पुस्तिकेत उदाहरण हवं म्हणून तुझं रँडम, म्हणजे कसेही येणारे आकडे काढणारं फंक्शन दोन मशीनवर चालवलं. दोन्हीकडे तेच आकडे आले. मला वाटलं, असंच असतं.”

“तसं नसतं. त्या आकड्यांवरून बँकेची माहिती कुलूपबंद करणारी गुप्त किल्ली बनते. ते कुणाला ओळखता येता कामा नयेत.”

“मग जुळले कसे?”

“मशीन सुरू झाल्याच्या क्षणावरून मी ते काढतो. काल वीज आली आणि दोन्ही एकदमच सुरू झाली.”

“मग विजेचे आभार मान.”

“वीज रोजच जाते, मॅडम. दोन्हीकडचे आकडे ताडून फक्त तुम्ही पाहिलेत.”

“आता पुस्तिकेत काय लिहू?”

“‘किल्लीसाठी हे फंक्शन वापरू नये.’”

“पुस्तिकेत त्या फंक्शनखाली तुझं नाव आहे.”

“राहू दे. आधी बँकेला थांबवू. अकराला ते हाच प्रोग्राम सुरू करतायत.”

बँकेचा फोन एंगेज लागला. दहा बावीसला प्रणित चौथ्यांदा नंबर फिरवत होता.