पंख काढून दे

नाताळच्या तोंडावर लोटारच्या लाकडी बाहुल्यांच्या दुकानात रांग लागली होती. सगळ्यात पुढे एक आजी आणि तिची नात युटा उभ्या होत्या. आजीनं पिशवीतून लाकडी देवदूत काढून लोटारपुढे ठेवला.

“याचे पंख काढून दे, लोटार.”

“मावशी, हा तर युटाच्या जन्माचा! मुलगी झाली की खिडकीत देवदूत, मुलगा झाला की खाणकामगार. गावाची रीतच आहे.”

“मुलगीच खाणीत उतरतेय. सोमवारपासून. डोक्यावर कामगाराची टोपी बसव.”

“आजी, पुन्हा नको ना. बॅटऱ्यांना लिथियम लागतं. युरोपनं ठरवलंय, जमेल तितकं आपल्याच डोंगरातून काढायचं, जुनं वितळवून पुन्हा वापरायचं.”

“तुझ्या आजोबांची फुप्फुसं याच डोंगरानं खाल्ली. तेव्हाही वर कुणीतरी काहीतरी ठरवलंच होतं.”

“आता पाणी मारून खोदतात, धूळ उडत नाही. रोज संध्याकाळी घरी असेन.”

“तेही हेच म्हणायचे.”

“मग जाऊ नको म्हण ना एकदा!”

“म्हटलं तर थांबशील?”

युटानं देवदूत उचलून लोटारच्या हातात दिला.

“बघ. लोटार, काढ पंख.”

“काढतो. टाकून देऊ?”

“टाकतोस कशाला? जुनं वाया घालवायचं नाही, हिच्या युरोपचंच म्हणणं आहे ना?”

आजीनं पिशवीतून काजळी धरलेला एक जुना लाकडी खाणकामगार काढला.

“आजी, हा आजोबांचा!”

“हो. पंख याला लाव, लोटार. सोमवारी ही खाली उतरेल तेव्हा दोघं खिडकीत शेजारी हवेत.”