लॅबच्या दारावरची यादी

मी, वय ४६ वर्षे, धंदा नोकरी, विद्यापीठाच्या संगणक विभागात प्रयोगशाळा सहायक, राहणार पाण्याच्या टाकीसमोरील इमारत, दुसरा मजला, डावीकडचे दार, आज सोमवारी सकाळी ११ वाजता ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

यादी दारावर का लावता, हे मला सर्वांत आधी विचारण्यात आले. त्याचे कारण एकोणीस वर्षांपूर्वीचे एक वाक्य आहे. मी नोकरीला लागले त्या आठवड्यात तेव्हाचे विभागप्रमुख मला म्हणाले होते, "बाई, आपली पोरं लाजरी. कोण कोण येतंय ते दिसलं, तरच येतील." ते सर आता हयात नाहीत. यादी मात्र मी तेव्हापासून लावते आहे.

आमच्या विभागात विद्यार्थ्यांचे संगणक मंडळ आहे. सत्र चालू असताना दर गुरुवारी सायंकाळी साडेपाच वाजता तीन नंबरच्या लॅबमध्ये मंडळाचा कार्यक्रम असतो. कधी बाहेरच्या पाहुण्यांचे व्याख्यान, कधी कोड्यांची संध्याकाळ, कधी जुने गेम, आणि सत्राच्या शेवटी सर्वांचे एकत्र जेवण. खोली ठरवणे, सत्राचा कार्यक्रम छापणे आणि मंडळाच्या वेबपानावर नावनोंदणीचा फॉर्म लावणे ही कामे माझ्याकडे आहेत. फॉर्ममध्ये खरे नाव विचारत नाही, पण टोपणनावाची चौकट भरावीच लागते. ती रिकामी सोडली तर फॉर्म पुढे जात नाही. ही सोय मीच केली होती. टोपणनावे वेबपानावर आपोआप दिसतात आणि त्यांचा कागद मी लॅबच्या दारावर चिकटवते. मुले आधी तो कागद वाचतात, मग नाव घालतात. "हा येतोय होय, मग मी पण येतो," असे त्यांचे चालते.

ज्या मुलीसंबंधी हा जबाब आहे ती दुसऱ्या वर्षात शिकते, वय २३. ती नेहमी भिंतीकडच्या शेवटच्या मशीनवर बसते, म्हणजे पाठीमागे कोणी नसते. मला ते आवडीनिवडीचे वाटले होते. मंडळाच्या पहिल्या कार्यक्रमाला मीच तिला आग्रह केला. तिने टोपणनावाची चौकट रिकामी ठेवली होती.

"मावशी, हे पुढे जात नाहीये."

"अगं काहीतरी घाल. ज्या नावाने हाक मारली की तू मागे वळशील, ते घाल."

तिने बराच वेळ पडद्याकडे पाहिले आणि 'मुंगी' असे लिहिले. त्या दिवशी लॅबमध्ये कोणीतरी म्हणाले, "मुंगी आली रे, बिस्किटांचे पुडे वर ठेवा." ती हसली. तिला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. त्या नावाने तिची आई तिला हाक मारत असे, आणि आई गेल्यावर ते माहीत असलेला एकच माणूस उरला होता, हे तिने मला मागच्या गुरुवारी सांगितले. आधी सांगितले नव्हते, आणि मी विचारले नव्हते.

त्या माणसाला मी प्रथम तीन गुरुवारांपूर्वी पाहिले. पासवर्ड या विषयावर व्याख्यान होते. सायंकाळी ५.२० च्या सुमारास तो दारावरच्या यादीसमोर उभा होता आणि एकेका नावावरून बोट फिरवत होता. वय अंदाजे बत्तीस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात वही.

"बाहेरचं कोणी आलं तर चालतं का, ताई?"

"चालतं की. सगळ्यांना खुलं आहे."

मी त्याला चहा दिला. सदर मुलगी त्या दिवशी तापामुळे आलेली नव्हती. चहा पिता पिता त्याने विचारले, "नावं मोठी गमतीची आहेत पोरांची. ही मुंगी कोण?"

मी म्हणाले, "आमची सगळ्यात शहाणी पोर. दोन आठवड्यांनी पाच मिनिटं बोलणार आहे. कधी नव्हे ती तयार झालीय. तुम्ही या ना तेव्हा."

आणि मी त्याला पूर्ण सत्राचा कार्यक्रम छापून दिला. तारीख, वेळ, खोली, सगळे. त्याने कागद दुमडला नाही, वहीत सरळ ठेवला. निघताना तो म्हणाला, "तुमच्याकडे सगळं कसं व्यवस्थित लिहिलेलं असतं, ताई. बरं वाटतं." मला त्याचा आनंद झाला होता. हेही लिहून घ्यावे.

मागच्या गुरुवारी पाच-पाच मिनिटांची भाषणे होती. सात जण बोलणार होते. पडद्यावर मोठे घड्याळ पाच मिनिटांवरून उलटे धावते. आमच्याकडे अशी रीत आहे की कोणी मध्येच अडखळले तर सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, त्याला शब्द सापडेपर्यंत. ६.१० ला सदर मुलगी बोलायला उभी राहिली. ग्रंथालयातली रांग किती वेळात सरकेल हे सांगणारा प्रोग्रॅम तिने लिहिला होता. ती छान बोलत होती. घड्याळात तीन मिनिटे वीस सेकंद उरलेली असताना ती थांबली.

मुलांनी टाळ्या सुरू केल्या. "मुंगी, मुंगी," असेही ओरडू लागली. त्यांना वाटले, घाबरली. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती दाराकडे पाहत होती. मी वळून पाहिले तेव्हा तो दारात, यादीच्या शेजारी उभा होता आणि तोही टाळ्या वाजवत होता.

ती माइकमध्येच म्हणाली, "मावशी, मागचं दार."

लॅबच्या मागच्या भिंतीत सर्व्हरच्या खोलीचे दार आहे. त्याचे कार्ड माझ्या गळ्यात असते. मी दार उघडले, ती आत गेली, मी दार लावले. मुलांना मी सांगितले की प्रोजेक्टर तापला आहे, दहा मिनिटे थांबा. पडद्यावरचे घड्याळ तसेच चालू राहिले आणि शून्यावर आल्यावर घंटा वाजली.

तो माझ्याजवळ आला. आवाज चढवला नाही. "ती माझी बायको आहे, ताई. तब्येत नाजूक असते तिची. दार उघडा, मी घरी नेतो."

मी म्हणाले, "त्या खोलीत कोणी नाही."

हे खोटे होते. त्याने दारावर तळहात ठेवला. "गार लागतंय दार," तो म्हणाला. "आत थंडी असेल." मग तो बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसला आणि ६.२५ ते ७.३५ बसून राहिला. सर्व्हरच्या खोलीचे तापमान अठरा अंशांवर ठेवलेले असते. ती पातळ सुती कुडत्यात होती. मी दाराला पाठ लावून उभी होते. खुर्च्या आवरताना मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "मावशी, बसा की आता." मी म्हणाले, "इथंच बरी आहे मी." शेवटी पहारेकरी इमारत बंद करायला आला तेव्हा तो माणूस उठला. दारातून आत डोकावून "येतो, ताई" म्हणाला. सगळेच जाताना असे म्हणतात. मी आयुष्यभर म्हणत आले आहे.

मी दार उघडले तेव्हा ती दोन कपाटांच्या मध्ये बसली होती. मशीनच्या मागून गरम हवा येते, तिथे तिने हात धरले होते. रडली नव्हती. मला म्हणाली, "मावशी, यादीतून नाव काढाल?" मी तिच्यासमोर वेबपानावरून काढले, दारावरचा कागदही काढला. नंतर तिने मला डाव्या हाताची दोन बोटे दाखवली. ती पूर्ण वाकत नाहीत. त्याबद्दल तिला सांगायचे तेव्हा ती सांगेल. दोन वर्षांपूर्वी ती ते घर सोडून आली, एवढे मी सांगू शकते. आम्ही इमारतीच्या मागच्या जिन्याने बाहेर पडलो.

शुक्रवारी सकाळी ९.१० ला मी कामावर आले. सत्राअखेरच्या जेवणाची यादी आठवडाभरापासून दारावर होती. ती काढायचे मला सुचले नव्हते. या यादीत मुले हातानेच नावे लिहितात. कागदावर चाळीस ओळी आहेत, त्यांपैकी चौदा भरलेल्या होत्या. उरलेल्या सव्वीस ओळींत निळ्या शाईने, एकाच हाताने, 'मुंगीचे घरचे' असे लिहिले होते. प्रत्येक ओळीत. अक्षर सुरेख आहे, कुठे खाडाखोड नाही. मुले हसत होती. एक म्हणाला, "अख्खं वारूळच येतंय वाटतं जेवायला." तो कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आज हजर केला आहे. सदर मुलीला तो दाखवलेला नाही.

त्याने मारहाण केली का, असे विचारले असता, नाही. धमकी दिली का, नाही. हत्यार होते का, दिसले नाही. साहेबांनी विचारले, "मग बाई, तक्रार नेमकी कशाची लिहायची? नवरा बायकोला भेटायला आला, यादीत नाव लिहून गेला." त्यावर मी म्हणाले, "सव्वीस वेळा, साहेब."

सदर मुलगी सध्या कुठे आहे, असे विचारले असता मी सांगितले नाही. पुन्हा विचारले असता पुन्हा सांगितले नाही. तेव्हा साहेबांनी माझ्याकडे पाहिले, मग जबाबाच्या सुरुवातीला लिहिलेल्या पत्त्याकडे पाहिले, आणि तिसऱ्यांदा विचारले नाही. न विचारणे हा त्यांचा चांगुलपणा होता. पण त्यांना जे कळले, ते हा कागद वाचणाऱ्या कोणालाही कळेल. आणि प्रकरण पुढे गेले तर जबाबाची प्रत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला द्यावी लागते, तसा नियम आहे, असे मला हवालदारबाईंनी सांगितले आहे. जबाब ज्या संगणकावर टाइप होत आहे त्याचा पडदा बाहेरच्या बाकाकडे तोंड करून आहे. मी दोनदा मागे वळून पाहिले. बाकावर एक म्हातारे जोडपे आहे.

हवालदारबाईंनी हा जबाब माझ्या सांगण्यावरून हळू आवाजात मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच उतरला आहे. वेळा बरोबर आहेत, खोल्या बरोबर आहेत, आकडे बरोबर आहेत. पत्ताही बरोबर आहे. म्हणून सही करण्यापूर्वी माझी एक विनंती आहे, ती नाकारली जाईल हे मला समोर दिसते आहे, तरी लिहून घ्यावी. पत्त्याची चौकट रिकामी सोडली तर तुमचा संगणक पुढे जात नाही, हे मला बाईंनी दाखवले. पण अशा चौकटीत नुसते एक टिंब टाकले तरी तो पुढे जातो. आमची मुले तसेच करतात. माझा पत्ता पुसून तिथे एक टिंब टाकावे.