कंसात गुरगुरतो

...आणि वर मलाच विचारतात, "तुम्ही बघितली का हो ती मालिका?" आता बघितली का म्हणजे काय? ती काढणाऱ्यांनी बघितली नसेल इतकी मी बघितलीय, थांबवून, मागे नेऊन, परत पुढे आणून, जिवाचा कान करून बघितलीय, कारण माझं पोटच त्यावर आहे. टीव्हीवर बोलणं खाली लिहून येतं ना, सबटायटल्स, ती मी लिहितो, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. नुसतं बोलणं लिहून भागत नाही, आवाजसुद्धा लिहायचे, कंसात. दार वाजलं की कंस सुरू, दार वाजते, कंस बंद. कुत्रा आला की कंस सुरू, भुंकतो, कंस बंद. कंस म्हणजे तो भाचरांच्या मुळावर उठलेला मामा नव्हे हो, व्याकरणातला, साधा, निरुपद्रवी... म्हणजे निरुपद्रवी असं मला वाटायचं.

आणि मालिका वाईट नाही हो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर घरी जाऊन म्हणाल, या माणसाला कशातच काही चांगलं दिसत नाही. कार्टूनची आहे, पण पोरासोरांची नाही, मोठ्यांची. पाच भागांत संपते, आणि गोष्ट एवढीच की शहरातल्या सुपरहिरोंना एक आजार होतो, ते मरतात, आणि मेल्यावर उठून माणसं खायला लागतात. झोंबी. आमच्या वडिलांनी तो शब्द वाचला, झोंबी, आणि त्यांना वाटलं कुस्तीची मालिका आहे. दुसऱ्या भागापर्यंत माणूस वाट बघत होता, की आता एकमेकांना धरतील, मग आपटतील. "धरतात," म्हणाले, "पण लगेच चावतात. हे नियमात बसतं का?"

वडील आमच्याकडेच असतात. आयुष्यभर पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या कारखान्यात होते, त्यांनी ठोकलेले डबे अजून कुठे कुठे शाबूत असतील, कान मात्र गेले. कानाचं यंत्र आणलंय, ते कपाटात असतं, कारण ते लावलं की म्हणे चमचे फार ओरडतात. म्हणून ते टीव्ही वाचतात. बघत नाहीत, वाचतात, ओठ हलवत, एकेक अक्षर, आणि मी लिहिलेलं सगळंच्या सगळं वाचणारा जगातला एकमेव माणूस तो आहे याची मला खात्री आहे. आणि आजपर्यंत एकदा, एकदा तरी त्या माणसाने म्हणावं की बरं लिहिलंयस... नाही. मागे एका मालिकेत मी कंसात 'दुःखी संगीत' लिहिलं, तर म्हणाले, "एवढा वेळ दुःखी संगीत, दुःखी संगीत वाचतोय, पेटी आहे की सनई ते तरी लिही." दुसऱ्या एका ठिकाणी 'पाऊस' लिहिलं, तर, "तो दिसतोय की." आता सांगा, काय करायचं? मला बाकी काही नको होतं हो. फक्त या एका मालिकेला त्यांनी शेवटपर्यंत जागं राहावं आणि एक शब्द चांगला बोलावा, बस.

तर गुण सांगतो. चित्रं फार सुरेख. केस वाऱ्यावर उडतात, मेलेल्यांचेसुद्धा. एक काचेचा हिरो आहे, आरपार दिसणारा, तो झोंबी झाल्यावर त्याने काय खाल्लं ते सगळ्या गावाला दिसतं, याला म्हणतात डोकं चालवणं. शिवाय कुणाची गय केलेली नाही. जाहिरातीत जो सगळ्यांच्या पुढे छाती काढून उभा आहे, तो पहिल्याच भागात अर्ध्या वाटेवर गेला. मला बरं वाटलं, म्हणजे त्याच्या जाण्याचं नाही, पण बोलणारा एक कमी झाला की मला लिहायला तेवढंच कमी. आणि सगळ्यात मोठा गुण, यांची माणसं मरतात पण सवयी मरत नाहीत. एकजण जिवंतपणी म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडून द्यायचा. तो मेल्यावरही देतो. हात धरतो, गाड्या थांबवतो, अगदी जपून पलीकडे नेतो, आणि पलीकडे नेऊन खातो. मी हसलो. मग मला वाईट वाटलं. मग मी लिहिलं, कंस सुरू, ब्रेकचा आवाज, कंस बंद, कारण भावना बिवना काहीही असो, काम संध्याकाळपर्यंत द्यायचं असतं.

दोष? भरपूर. जे जिवंत राहिलेत ते विनोद करतात. सारखे. सख्खी आई डोळ्यांसमोर गेली, की विनोद. हात तुटला, की हातावर विनोद. अरे बाबा, जरा रड, मला कंसात हुंदका लिहू दे, मलाही बदल हवा असतो. एक शास्त्रज्ञ बाई आहे, ती सगळा आजार एका दमात समजावून सांगते, "ऊर्जेच्या लहरी पेशीत उलट्या फिरल्या की शक्ती राहते आणि विवेक जातो," आणि दम घ्यायच्या आत तिलाच चावतात, म्हणजे परत विचारायची सोय नाही. शेवट असा तोडलाय की मला वाटलं वीज गेली. आणि वडिलांचा आक्षेप तर बिनतोड आहे. महाबाहू म्हणून मुख्य हिरो आहे, उडणारा, तो प्रत्येक भागात जिने चढतो. "उडता येतं ना याला?" वडील म्हणाले. "मग गुडघे कशाला झिजवतोय?"

पण मालिका वाईट नाही हो. माझं दुखणं वेगळंच होतं. झोंबी बोलत नाहीत. जिवंत असेपर्यंत तोंड बंद नव्हतं आणि मेल्याबरोबर एकदम घ्ऱ्ऱ. मालिका बाहेरच्या देशातली, ही घ्ऱ्ऱ मूळचीच आहे, बाकी बोलणं आपल्या भाषेत घातलंय, पण गुरगुरीला भाषांतर करत नाहीत. ती जशीच्या तशी माझ्याकडे आली. मी आपलं लिहिलं, कंस सुरू, गुरगुरतो, कंस बंद. परत गुरगुरतो. परत. पहिला भाग टीव्हीवर लागला, वडिलांनी वाचला, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हे सगळे एकच काय म्हणतायत?"

लागलं ना मनाला. दुसऱ्या दिवसापासून मी ठरवलं, की प्रत्येक गुरगुर वेगळी लिहायची. आता मला सांगा, किती शब्द आहेत आपल्याकडे? कण्हतो, विव्हळतो, फुत्कारतो, हुंकारतो... खाकरतो लिहिलं तर वाटतं सभेत बोलायला उभा राहतोय. नक्की काय ते कळावं म्हणून मी स्वतः आवाज काढून बघायला लागलो, खोलीचं दार लावून, आरशासमोर. बायको बाहेरून म्हणते, "अहो, पोट साफ होत नाहीये का?" खालच्या मजल्यावर दाताचे डॉक्टर आहेत, ते वर आले, भले गृहस्थ, हळू आवाजात म्हणाले, "काय आहे, माझे पेशंट खुर्चीत बसलेले असतात, त्यांना वाटतं आवाज आतल्या खोलीतून येतोय. दोघं उठून गेले."

एवढं करून मी लिहिलं काय? कंसात, रांगेत कुणी मध्ये घुसल्यासारखा गुरगुरतो. कंसात, जुनं दुखणं आठवून कण्हतो. मला स्वतःला आवडलं होतं. पण आमच्याकडे लिहिलेलं तपासायला एक बाई आहेत, त्यांना आम्ही सगळे पूर्णविराम म्हणतो, कारण त्यांच्यापुढे काही जात नाही. त्यांनी बोलावलं. आवाज कधी चढत नाही हो त्यांचा, त्याचीच भीती वाटते. "हे रांगेत घुसल्यासारखा, हे कुठे ऐकू आलं?" म्हटलं, गुरगुरण्यात. "मला नाही आलं. जेवढं ऐकू येतं तेवढंच लिहायचं. यापुढे मनाचं घातलंत तर पुढची मालिका दुसऱ्याकडे जाईल." आणि सगळं खोडून परत ओळीने गुरगुरतो, गुरगुरतो, गुरगुरतो. घरी वडील वाचतायत आणि मान हलवतायत. दुसरा भाग तसा गेला, तिसरा तसा गेला, चौथ्याला त्यांची मान खाली गेली ती वर आलीच नाही, झोपले.

तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर सांगायचं ना वडिलांना, की बाबा, असं असं आहे, वरून खोडतात. कसं सांगणार? त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. आणि ओरडून बोललं की कुठलंही वाक्य भांडण वाटतं. "औषध घेतलंत का" असं ओरडून विचारून बघा एकदा, खालचे डॉक्टर वर येतात, काय झालं म्हणून. तेव्हा हळूहळू आमचं बोलणं बंदच झालं. म्हणजे राग नाही, रुसवा नाही, तसं सगळं व्यवस्थित. ताट मी समोर ठेवतो, ते जेवतात. विचारायचं काय त्यात? दिसतंच की.

तर पाचवा भाग. शेवटचा. त्यात महाबाहू, आता पूर्ण झोंबी झालेला, सगळं शहर खाऊन झाल्यावर घरी येतो. जिने चढूनच. दार वाजवतो. आत त्याचा म्हातारा बाप, घड्याळं दुरुस्त करणारा, जाड चष्म्याचा, तो ओळखीची थाप म्हणून दार उघडतो. दोघं समोरासमोर. संगीत नाही, विनोद नाही, पाच भागांत पहिल्यांदा सगळे गप्प. आणि महाबाहू गुरगुरतो. मी लिहायला गेलो, कंस सुरू... आणि थांबलो. मागे नेलं. परत ऐकलं. हेडफोन दाबून ऐकलं. साधी घ्ऱ्ऱ नव्हती हो ती. तीन तुकडे होते तिचे. ज्व्हा... आत... घा. तुम्ही म्हणा मला भास झाला. असेल. चार आठवडे मेलेल्या माणसांच्या संगतीत बसलं की होतो. पण मला स्वच्छ ऐकू आलं, आणि मी कंस खोडला आणि लिहिलं: "जेवलात का?"

म्हटलं, नंतर काढू. पूर्णविराम काढतीलच. आणि तसंच पाठवून दिलं.

नाही काढलं त्यांनी. का नाही, ते मला माहीत नाही. माझा अंदाज, पाचव्या भागापर्यंत त्यासुद्धा पोचल्या नसाव्यात. हा मालिकेचा दोष धरायचा की गुण, तुम्हीच ठरवा.

भाग लागायचा त्या दुपारी माझा जीव टांगणीला. एक म्हणजे काम जाणार, आणि दुसरं म्हणजे आमच्या घरी जगातला सर्वांत खवट वाचक खुर्चीत बसलेला. मी त्यांच्या शेजारी बसलो. पहिल्या गुरगुरीला त्यांनी जांभई दिली. दुसरीला चष्मा काढला. म्हटलं गेलं, झोपणार, माझी एवढी ओळ कुणीच वाचणार नाही. तेवढ्यात महाबाहू जिने चढायला लागला, तर "चढला परत," म्हणून त्यांनी चिडून चष्मा लावला. त्या जिन्यांचे माझ्यावर उपकार आहेत, मघाशी दोषात सांगितले होते ते परत घेतो.

दार उघडलं. दोघं समोरासमोर. खाली ओळ आली. वडिलांचे ओठ हलले, जे-व-ला-त का. आणि टीव्हीकडे बघत, नेहमीच्या आवाजात, आमचे वडील म्हणाले, "हो, मघाशीच."

मग त्यांनी मला हाताने खूण केली, मागे ने. मी मागे नेलं. त्यांनी परत वाचलं. परत खूण. परत नेलं. मग शेवट आला, वीज गेल्यासारखा, आणि नावं वर सरकायला लागली, त्यात माझं नसतं. मी वाट बघत होतो. सगळ्या आयुष्याची कमाई त्या एका वाक्यावर लावून बसल्यासारखा वाट बघत होतो.

"मालिका बंडल आहे," वडील म्हणाले. "उडता येतं आणि जिने चढतात. कुस्ती तर शेवटपर्यंत नाहीच. पण हा पोरगा चांगला. मेलाय, तरी विचारतो."

आणि माझ्याकडे वळले. रागाने नाही हो, साधंच. माझ्या तोंडाकडे बघितलं, मग हनुवटीच्या खाली बघितलं, तिथे काही लिहून येतंय का म्हणून. मी तोंड उघडलं. एवढं साधं वाक्य, नुकतंच स्वतः लिहिलेलं, पाठ झालेलं. पण इतक्या वर्षांनी घसा मोकळा करायचा म्हणजे... काय सांगू तुम्हाला...

कंस सुरू, गुरगुरतो, कंस बंद.