ठसक्याचं पाणी

सन्माननीय अध्यक्ष मास्तर, गुडघा कसा आहे? जिना चढून आलात, म्हणजे बरा असावा. डॉक्टरीणबाई, तुमचा खोकला? लोकांना औषधं देता, स्वतः घेत नाही. जाऊबाई, डोळ्याचं ऑपरेशन मानवलं ना? समोर बसलेल्या बंधुभगिनींनो, सगळे धडधाकट ना? आणि सत्कारमूर्ती शिंपीणताई, तुम्हाला मात्र काय विचारू?

ताई उद्या लेकीकडे कायमच्या राहायला चालल्या. दोन्ही वस्त्यांतल्या पोरांचे गणवेश त्यांनीच शिवले, दंगलीआधीही आणि नंतरही. फाटकी बाही घेऊन पोर गेलं की म्हणायच्या, "मारामारी केलीस की झाडावर चढलास? खरं सांग, त्यावर टाका ठरतो."

त्या दंगलीत त्यांचा थोरला गेला. देह मिळाला नाही. त्याला नेणाऱ्यांतले एक आपले गवंडीदादा. ते समेटाच्या बैठकीला आले. आपली रीत अशी, की ज्याचं गेलं त्याने समोर बसून हवं ते विचारायचं, ज्याने केलं त्याने खरं सांगायचं आणि शेवटी दोघांनी मधल्या माठातलं पाणी प्यायचं. पाणी प्यालं की विचारणं संपलं.

दादांनी केलेलं कबूल केलं. ताईंनी विचारलं, "कुठे पुरलंत त्याला?" आणि रडता रडता त्यांना असा ठसका लागला की श्वासच अडकला. ताईंच्या या जाऊबाईंनी घाबरून त्याच माठातला पेला भरून त्यांच्या तोंडाला लावला. खोलीत दुसरं पाणी होतं कुठे? तेवढ्यात दादांनीही आपला पेला रिकामा केला आणि हात जोडून उठले.

"अहो, ते ठसक्याचं पाणी होतं," जाऊबाई म्हणत राहिल्या.

आम्ही पंच पेचात पडलो. रीत मोडावी, तर याच माठावर मिटलेली बाकीची वैरं उद्या उकरली जाणार. पाळावी, तर या आईला काय सांगायचं? ताईच म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. घशाखाली गेलं ते गेलं."

आणि आज आपण त्यांना शाल देतो आहोत.

गवंडीदादा, दाराशी का उभे? बसा, खुर्ची रिकामी आहे. मी काही विचारत नाही, तो हक्क कुणालाच उरला नाही. पण रीतीने विचारणं बंद केलं आहे, सांगणं नाही. ताईंच्या लेकीचा पत्ता मागच्या फळ्यावर खडूने लिहिला आहे. खाली नाव घालू नका हवं तर.

संयोजकांचे, अध्यक्षांचे आभार मानतो. म्हाताऱ्याच्या बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. ताई, पोचल्याचं कळवा. आणि दादा, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर जरा लवकर लिहा. त्यांना आता फार वाट पाहवत नाही.